नंदीबैल छाप बिल्ड टूल्स

मंडळी, आजचा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चहा संपवून मंडईत जायचंय त्यांची सोय होईल. एखाद्या बिल्ड टूलला तुम्ही कमांड लाइनवर त्याला ठाऊकच नसलेलं व्हेरिएबल दिलंत, आणि त्यानं चकार शब्द न काढता, एक्झिट कोड शून्य देऊन 'झालं बरं का साहेब' म्हटलं, तर ते टूल सदोष आहे. 'फ्लेक्झिबल', 'युनिक्सच्या परंपरेतलं' वगैरे विशेषणं लावून हा दोष झाकायचा उद्योग गेली कित्येक वर्षं चालू आहे. त्याविरुद्ध हे आजचं भांडण.

लहानपणी दारावर नंदीबैल यायचा आठवतो? "पाऊस पडंल का?" मान हलली. "पोराचं लगीन जमंल का?" मान हलली. काहीही विचारा, गुबुगुबू वाजलं की मान हलणारच. आपल्याला मजा वाटायची, कारण त्या उत्तरावर काही अवलंबून नव्हतं. पण उद्या एसटीच्या खिडकीवर नंदीबैल बसवला आणि "ही गाडी साताऱ्याला थांबते ना?" असं त्याला विचारायची वेळ आली तर? आपल्या बिल्ड सर्व्हरवर नेमकं तेच चालू आहे.

सुरुवात अर्थातच मेकपासून. स्टुअर्ट फेल्डमननं १९७६ साली बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं, २००३ साली त्याला त्याबद्दल एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला, आणि मिळायलाच हवा होता. अवलंबित्वाचा आलेख मांडायचा आणि जुनं झालेलं तेवढंच पुन्हा बांधायचं, ही कल्पना इतकी पक्की आहे की पुढच्या प्रत्येकानं तीच घेतली. माझं भांडण त्या कल्पनेशी नाही. माझं भांडण दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याशी आहे.

मेकच्या कमांड लाइनवर तीन प्रकारच्या गोष्टी येऊ शकतात. एक, हायफनवाले ऑप्शन्स. दोन, टार्गेटची नावं. तीन, मध्ये बरोबरचं चिन्ह असलेले शब्द, म्हणजे व्हेरिएबलच्या व्याख्या. (आज्ञा खाली देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन.) आता तिन्हींमध्ये एकेक स्पेलिंगची चूक करून बघा.

'मेक --जॉब्झ=४' लिहिताना अक्षरं उलटसुलट झाली. मेक ताबडतोब ओरडतं, वापराची सगळी यादी तोंडावर फेकतं आणि एक्झिट कोड २ देऊन निघून जातं. शाब्बास.

'मेक इन्स्टॉल' लिहिताना एक अक्षर सुटलं. मेक सांगतं, असलं टार्गेट बनवायचा नियम माझ्याकडे नाही. पुन्हा कोड २. शाब्बास.

'मेक डीबग=१' लिहिताना अक्षरं उलटसुलट झाली. मेक म्हणतं... काहीच म्हणत नाही. तुम्ही दिलेलं ते विचित्र नाव गपचूप लिहून ठेवतं, आयुष्यात कुणी त्याकडे बघत नाही, बिल्ड पूर्ण होतं, कोड शून्य.

म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये, एकाच ओळीवर, दोन प्रकारच्या चुकांना कडक शिस्त आणि तिसऱ्याला मोकळं रान. आणि तिसरी चूकच सगळ्यात महाग! ऑप्शन चुकला तर फार तर बिल्ड हळू होईल, टार्गेट चुकलं तर काही बनणारच नाही. व्हेरिएबल चुकलं तर चुकीची वस्तू बनेल आणि ती बरोबर वस्तूसारखीच दिसेल.

आता 'टायपो करू नका' म्हणणाऱ्या सज्जनांसाठी. बरं, टायपो नाही केला. नाव अगदी बरोबर लिहिलं. तरी काय होतं बघा.

बऱ्याच मेकफाइलींमध्ये 'इफडेफ डीबग' असतं. तुम्ही शहाण्यासारखं 'मेक डीबग=०' लिहिता. मिळतं काय? डीबग बिल्ड! कारण इफडेफ फक्त एवढंच बघतं की किंमत रिकामी आहे की नाही. शून्य हे अक्षर रिकामं नाही, सबब डीबग चालू. 'डीबग=नो' लिहिलंत तरी चालू. ग्नू मेकच्या मॅन्युअलमध्ये हे वागणं व्यवस्थित लिहिलेलं आहे हो, मला माहीत आहे. विजेच्या बटणावर 'बंद' दाबल्यावर दिवा लागतो हेही मॅन्युअलमध्ये लिहिता येईल.

पुढे. मेक तुमच्या शेलच्या एन्व्हायर्नमेंटमधली जवळजवळ सगळी व्हेरिएबल्स आपली म्हणून उचलतं. (शेल हे व्हेरिएबल तेवढं उचलत नाही, कुणाला तरी वेळेवर अक्कल सुचली.) आता नोडवर काम करणारी मंडळी लॉग बघायला डीबग याच नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वापरतात. कुणीतरी ते आपल्या बॅश-आरसीमध्ये टाकून ठेवलेलं असतं. झालं. त्याच्या मशीनवर सी प्रोजेक्टचं डीबग बिल्ड होतं आणि शेजारच्याच्या मशीनवर रिलीज. दोघांनी टाइप केलं एकच : 'मेक'.

मग येते उतरंड. एकाच व्हेरिएबलची किंमत ग्नू मेकमध्ये कुठकुठून येऊ शकते? खालून वर मोजा : मेकच्या पोटातल्या अंगभूत किमती, त्यावर एन्व्हायर्नमेंट, त्यावर मेकफाइल, त्यावर कमांड लाइन, आणि त्याच्याही वर मेकफाइलमध्ये 'ओव्हरराइड' लिहिलं असेल तर पुन्हा मेकफाइल. मध्येच कुणी '-ई' ऑप्शन दिला तर एन्व्हायर्नमेंट उडी मारून मेकफाइलच्या डोक्यावर बसतं. ही उतरंड पाठ असलेला माणूस मला मुलाखतीत भेटला तर मी त्याला नोकरी देईन, पण त्याच्याबद्दल वाईटही वाटेल.

उतरंडीचे दोन मासले. पहिला : मेकफाइलमध्ये 'सीसी ?= क्लँग' अशी ओळ. वाचणाऱ्याला वाटतं, सीसी कुणी दिलं नसेल तर क्लँग वापरा. ग्नू मेकमध्ये साध्या 'मेक'ला ही ओळ काहीही करत नाही! कारण सीसीला अंगभूत किंमत आहे, 'सीसी' हीच. ती असल्यामुळे मेकच्या दृष्टीनं व्हेरिएबल आधीच व्याख्यात आहे. अंगभूत व्हेरिएबल्स मुद्दाम ऑप्शन देऊन बंद केली तरच ती ओळ जिवंत होते. अशी मेलेली ओळ मी कितीतरी प्रोजेक्ट्समध्ये बघितली आहे, छान कॉमेंटसकट.

दुसरा मासला याहून झकास. मेकफाइलमध्ये 'सीफ्लॅग्ज += -आयइन्क्लूड' आहे, म्हणजे हेडर फाइली कुठे शोधायच्या ते. आता 'सीफ्लॅग्ज=-ओ० मेक' असं लिहा. एन्व्हायर्नमेंटमधून -ओ० आलं, मेकफाइलनं त्याला शेपूट जोडलं, बिल्ड झालं. आता तेच शब्द उलटे लिहा : 'मेक सीफ्लॅग्ज=-ओ०'. कमांड लाइन वरचढ, म्हणून मेकफाइलचं += साफ दुर्लक्षित, हेडर सापडत नाहीत, बिल्ड आपटलं. शब्द तेच, क्रम वेगळा, नशीब वेगळं. आणि इथे निदान आपटलं तरी! ते शेपूट जर हेडरच्या पत्त्याऐवजी स्टॅक प्रोटेक्टरचं असतं तर आपटलंही नसतं. सुरक्षेविना बायनरी गपचूप तयार.

ही काल्पनिक भीती नाही. डेबियनवाले आपल्या पॅकेजांना सुरक्षेचे कंपायलर फ्लॅग्ज एन्व्हायर्नमेंटमधून पुरवतात. मूळ लेखकानं मेकफाइलमध्ये नुसतं 'सीफ्लॅग्ज = -ओ२' लिहिलं असेल तर उतरंडीच्या नियमानं मेकफाइल जिंकते आणि डेबियनचे फ्लॅग्ज हवेत विरतात. कुणालाही एरर दिसत नाही. यावर त्यांना काय करावं लागलं? बिल्डचे लॉग वाचून त्यात अपेक्षित फ्लॅग्ज दिसतात का हे तपासणारं वेगळं टूल, बीएलएचसी, म्हणजे 'बिल्ड लॉग हार्डनिंग चेक'. टूलला दिलेला निरोप पोचला की नाही हे कळायला त्याच्या बडबडीचा उतारा काढून चाळावा लागतो. काय ही अवस्था!

आता हे सगळं वाचून कुणी म्हणेल, 'नुसती टेक्निकल कुरकुर आहे, कामावर लागा.' म्हणून यात माणसं कशी चिरडतात त्याचं एक उदाहरण. कंपनीचं नाव घेत नाही. मी तिथे बाहेरून सल्ल्याला जात असे. रिलीज बिल्ड करायचं काम एका वर्षभरापूर्वी लागलेल्या मुलीकडे होतं. विकीवर लिहिलं होतं : 'मेक रिलीज=१'. तिनं अक्षरशः तेच केलं. पण दोन महिन्यांपूर्वी एका वरिष्ठानं मेकफाइल साफ करताना त्या व्हेरिएबलचं नाव बदललं होतं आणि विकीला हात लावला नव्हता. मेकनं जुनं नाव आनंदानं घेतलं, मान डोलावली, आणि डीबग लॉगसकटची बायनरी ग्राहकाकडे गेली. लॉगनी डिस्क भरली, उपकरणं बसली. मग मीटिंग.

"अगं, पण बिल्ड करताना तू बघितलं नाहीस का काय होतंय ते?"

"सर, काही एररच नव्हता. सक्सेस आलं होतं."

"एरर नव्हता म्हणजे बरोबर आहे असं नसतं. जबाबदारी घ्यायला शिक."

तिच्या अप्रेझलमध्ये 'अटेन्शन टु डिटेल' समोर लाल शेरा पडला. नाव बदलणाऱ्या वरिष्ठाला काही नाही, आणि शून्य कोड देणाऱ्या मेकला तर काहीच नाही. मी त्या मीटिंगमध्ये बोललो, लेखी दिलं, शेरा तसाच राहिला. आता सांगा, तिनं नेमकं कशाकडे लक्ष द्यायचं होतं? न आलेल्या एररकडे?

तिनं टायपो केला नव्हता हे लक्षात घ्या. मला खरी काळजी आहे ती नाव बदलण्याची. सी मध्ये फंक्शनचं नाव बदललं की जुन्या नावानं हाक मारणारी प्रत्येक जागा कंपायलर किंवा लिंकर दाखवतो. मेकफाइलमधलं व्हेरिएबल बदललं की त्याला हाका मारणाऱ्या जागा मेकफाइलच्या बाहेर असतात : विकीवर, जेनकिन्सच्या जॉबमध्ये, कुणाच्या तरी शेल हिस्टरीत. तिथे लिंकर पोचत नाही. तिथे पोचू शकतो फक्त मेक, कारण त्या सगळ्या हाका शेवटी त्याच्याच दाराशी येतात. आणि तोच नंदीबैल निघाला.

बरं, मेक म्हातारं झालं, नव्यांचं काय? नव्यांनी गोंधळ एका अक्षरात गोळा केला : '-डी'. अँट, मेव्हन, सीमेक, सगळीकडे -डी. अक्षर एक, कायदे मात्र गावोगाव वेगळे.

अँटमध्ये प्रॉपर्टीला पहिल्यांदा जी किंमत मिळाली ती कायमची. कमांड लाइन सगळ्यात आधी वाचली जाते, म्हणून ती जिंकते. हा नियम निदान एका वाक्यात सांगता येतो.

मेव्हनमध्ये बरोब्बर उलटं होऊ शकतं. प्लगिनची एखादी किंमत पॉम फाइलमध्ये ठोकून लिहिलेली असेल तर तुम्ही कमांड लाइनवर -डी देऊन कितीही आपटा, पॉमच जिंकतं. मेकच्या सवयीनं आलेला माणूस इथे हमखास फसतो. शिवाय टेस्ट वगळायला '-डीस्किपटेस्ट्स' आहे, जे टेस्ट कंपाइल करतं पण चालवत नाही. शेवटचा एस विसरलात तर मेव्हन काही बोलत नाही, सगळ्या टेस्ट निवांत चालवतं. तुम्ही चहा पिऊन, पेपर वाचून परत या.

सीमेकमध्ये -डीनं दिलेली किंमत कॅश फाइलीत जाऊन बसते. उद्या तुम्ही -डी न देता सीमेक चालवलंत तरी कालची किंमत लागू. म्हणजे आजच्या बिल्डमध्ये काय आहे ते आजच्या कमांडवरून कळत नाही, त्यासाठी त्या डिरेक्टरीचा पूर्वेतिहास लागतो, सातबाराच्या उताऱ्यासारखा! २०२२ च्या ३.२४ आवृत्तीत त्यांनी '--फ्रेश' नावाचा ऑप्शन आणला, तो जुनी कॅश टाकून देतो. मात्र सीमेकचं एक कौतुक करायला हवं. तुम्ही दिलेलं व्हेरिएबल प्रोजेक्टनं वापरलंच नाही तर ते शेवटी तशी सूचना छापतं. सूचनाच, एरर नाही. पण मान हलवण्याआधी निदान घसा तरी खाकरतं.

आता समोरच्या बाजूचे वकील.

पहिले म्हणतात : 'मेकला कसं कळणार कुठलं नाव खरं? मेकफाइलमध्ये काहीही नाव वापरता येतं, सब-मेक असतात, नावं चालता चालता तयार होतात.' बरोबर, मेकला कळत नाही. कारण नावं जाहीर करायची जागाच त्यानं दिलेली नाही. जागा नाही म्हणून कळत नाही, आणि कळत नाही म्हणून तपासत नाही, हा युक्तिवाद झाला की काय? जागा द्या! मेसॉननं दिली. तिथे प्रोजेक्टचे ऑप्शन्स एका वेगळ्या फाइलीत जाहीर करावे लागतात : नाव, प्रकार, चालणाऱ्या किमती, वर्णन. होय-नाही प्रकारचा ऑप्शन असेल तर 'खोटं' म्हणजे खोटंच. -डी पुढे अनोळखी नाव आलं की एरर, काम बंद. बेझलही अनोळखी ऑप्शन घेत नाही.

दुसरे म्हणतात : 'शंभर पॅकेजेस एकाच आज्ञेनं बांधायची असतात, प्रत्येकाला प्रत्येक ऑप्शन माहीत नसतो, एरर दिला तर सगळं अडेल.' हा मुद्दा मात्र खरा आहे आणि मी तो मानतो. म्हणूनच ऑटोकॉन्फच्या कॉन्फिगर स्क्रिप्ट्स अनोळखी 'एनेबल' आणि 'विथ' ऑप्शन्सना फक्त सूचना देतात, आणि ती सूचना जीवघेणी करायचा वेगळा ऑप्शनही ठेवतात. पण यातून निष्कर्ष काय निघतो? ज्या शंभरातल्या एकाला सैलपणा हवा आहे त्यानं तो मागून घ्यावा. उरलेल्या नव्याण्णवांना न मागता सैलपणा कशाला?

तिसरे म्हणतात : 'रॅपर स्क्रिप्ट लिहा, ती तपासेल.' म्हणजे ऑप्शन तपासायचं काम प्रत्येक टीमनं आपापल्या बॅशमध्ये पुन्हा पुन्हा करायचं. मग ती स्क्रिप्ट तपासायला कोण, तिची रॅपर स्क्रिप्ट?

चौथे नुसतं 'मॅन्युअल वाचा' म्हणतात. यांच्याशी मी भांडत नाही. मॅन्युअल मी वाचलंय, वर लिहिलेलं सगळं त्यातच आहे.

आता सोमवारी ऑफिसात गेल्यावर काय करता येईल ते. मेक तर उद्या टाकून देता येत नाही, मलाही नाही. पण ग्नू मेकच्या पोटात औषध आहे, फक्त कुणी काढून लावत नाही.

एक : 'ओरिजिन' नावाचं फंक्शन आहे. ते व्हेरिएबलची किंमत कुठून आली ते सांगतं : अंगभूत, एन्व्हायर्नमेंट, फाइल, कमांड लाइन, ओव्हरराइड. बिल्डच्या सुरुवातीला महत्त्वाच्या सात-आठ व्हेरिएबल्सची किंमत आणि उगम 'इन्फो' वापरून छापा. सात-आठ ओळी लॉगमध्ये वाढतील, पुढचे वाद वाचतील.

दोन : ठिपक्यानं सुरू होणारं 'व्हेरिएबल्स' नावाचं खास व्हेरिएबल आहे, त्यात सगळ्या व्हेरिएबल्सची नावं असतात. 'फोरईच' लावून त्यातली ज्यांचा उगम कमांड लाइन आहे तेवढी वेचा, तुमच्या परवानगीच्या यादीतली 'फिल्टर-आउट'नं वगळा, आणि काही उरलं तर 'एरर' फंक्शननं बिल्ड थांबवा. चार-पाच ओळींचं काम आहे. कमांड लाइनची व्हेरिएबल्स सब-मेकलाही जातात आणि तिथेही त्यांचा उगम कमांड लाइनच दिसतो, म्हणून हा पहारा फक्त सगळ्यात वरच्या पातळीवर, मेकलेव्हल शून्य असताना लावा. नाहीतर पहारेकरी घरच्यांनाच अडवेल.

तीन : प्रोजेक्टला लागणारेच असे फ्लॅग्ज सीफ्लॅग्जमध्ये कोंबू नका. सीफ्लॅग्ज वापरणाऱ्याचं, असं ग्नूच्या कोडिंग स्टँडर्ड्समध्येच सांगितलं आहे. तुमचे फ्लॅग्ज वेगळ्या नावानं ठेवा आणि कंपायलरच्या ओळीत दोन्ही जोडा.

चार : इफडेफ काढा, नेमकी किंमत तपासा. एक किंवा शून्य, तिसरं काही आलं तर एरर.

पाच : '--वॉर्न-अनडिफाइन्ड-व्हेरिएबल्स' चालू ठेवा. हा ऑप्शन दिलेल्या चुकीच्या नावाला पकडत नाही, मेकफाइलच्या आत वापरलेल्या अव्याख्यात नावाला पकडतो. तोही कमी धोक्याचा प्रकार नाही. क्लीन टार्गेटमध्ये 'आरएम -आरएफ' पुढे बिल्ड डिरेक्टरीचं व्हेरिएबल, मग स्लॅश आणि तारा. त्या नावात एक अक्षर चुकलं की व्हेरिएबल रिकामं आणि उरतं काय? स्लॅश आणि तारा. नुसत्या स्लॅशला ग्नूचं आरएम नकार देतं, स्लॅश-ताऱ्याला नाही.

आणि सहावं, माणसांसाठी. पुढच्या वेळी चुकीची बायनरी बाहेर गेली आणि मीटिंग बसली, तर 'कमांड कुणी टाकली' या प्रश्नाआधी 'टूलनं काय सांगितलं' हा प्रश्न विचारा. टूलनं 'सक्सेस' सांगितलं असेल तर ज्यानं त्यावर विश्वास ठेवला त्याच्या कागदावर शेरा मारू नका. ते टूल निवडणाऱ्याला आणि त्याची मेकफाइल लिहिणाऱ्याला बोलवा. बहुतेक वेळा ते मीटिंगमध्ये टेबलाच्या वरच्या टोकाला बसलेले असतात, शोधायला लांब जावं लागत नाही.

असो. पुष्कळ झालं. 'आमचं मेक असं नाही' म्हणणारे कुणी असतील तर त्यांनी आपल्याच प्रोजेक्टमध्ये जाऊन 'मेक अबकड=१' टाकून बघावं आणि मग भांडायला यावं. चहा माझ्याकडून.